भोवऱ्याच्या नादी लागलेली मोठी माणसं

प्रश्न : नाना, आमचे मालक रिटायर झाल्यापासून रोज संध्याकाळी ओट्यावर नातवासोबत भोवरा फिरवत बसतात, गल्लीतल्या बाया हसतात. मी बोलले की म्हणतात, मोठमोठे सायंटिस्टपण हेच करायचे. खरं की थाप? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : थाप नाही हो ताई, उलट तुमचे मालक फारच साधे निघाले. या नादातला माझा सगळ्यात आवडता माणूस जेम्स क्लार्क मॅक्सवेल, तोच तो, वीज आणि चुंबक एका गणितात बसवणारा. अ‍ॅबर्डीनला प्रोफेसर असताना त्याने तिथल्या कारागिराकडून खास पितळी भोवरा करून घेतला, कडेला तोल कमीजास्त करायचे स्क्रू, वर चार रंगांची चकती, मधोमध कोणता रंग दिसतो त्यावरून भोवरा नेमका कशाभोवती फिरतोय ते कळायचं. 1857 मध्ये एमएची डिग्री घ्यायला केंब्रिजला गेला तर हा भोवरापण बरोबर! मित्रांना चहाला बोलावलं, फिरवून दाखवला, मंडळी उठली तेव्हा तो फिरतच होता. सकाळी खिडकीतून बघतो तर त्यातलाच एक जण येतोय, तसा पठ्ठ्या टुणकन उठला, भोवऱ्याला गती दिली आणि परत पांघरुणात. मित्र आत येऊन बघतो तर काय, भोवरा रात्रभर फिरतोय! प्रोफेसर माणूस हो हा.

तापमानाच्या केल्विन मापाला ज्याचं नाव आहे तो लॉर्ड केल्विन तर कॉलेजात असताना ह्यू ब्लॅकबर्न नावाच्या दोस्तासोबत परीक्षेचा अभ्यास सोडून समुद्रावर गोटे फिरवत बसायचा. लांबट गोटा जोरात फिरवला की उभा राहतो. आपल्या खान्देशात कुठला समुद्र, पण अंडं चालतं. कडक उकडून गुळगुळीत फरशीवर आडवं ठेवा आणि जोरात फिरवा, उभं राहतं. कच्चं नाही राहत, आतलं पातळ गती खाऊन टाकतं. घरात अंडं चालत नसेल तर राहू द्या.

आणि 1951 चा एक फोटोच आहे, स्वीडनच्या लुंडमधला, नील्स बोर आणि वोल्फगांग पाउली, दोघं नोबेलवाले, सुटाबुटात वाकून जमिनीवर उलटा होणारा भोवरा बघतायत. प्रिंट काढून ओट्यावर लावा.

हसणाऱ्या बायांना रशियाची गणितवाली सोफिया कोवालेव्हस्काया सांगा. लहानपणी घरात वॉलपेपर कमी पडला म्हणून तिच्या खोलीच्या भिंतीला गणिताच्या लेक्चरची पानं चिकटवली होती, ही पोरगी तीच वाचत उभी राहायची. 1888 मध्ये भोवऱ्याच्या गणितावर पॅरिसच्या अकादमीचं बक्षीस मिळालं, काम इतकं भारी की 3000 फ्रँकचे 5000 केले.

प्रश्न : भोवऱ्याच्या जोरावर एका रुळावर गाडी चालवली होती म्हणतात, ते काय प्रकरण? – रेल्वेतून रिटायर, भुसावळ

उत्तर : लुई ब्रेनन, दादा. आधी टॉर्पेडो बनवून पैसा केलेला गडी. 1909 मध्ये इंग्लंडात त्याने 22 टनांची गाडी एका रुळावर माणसं बसवून चालवली, पोटात भोवऱ्यासारखी दोन जड चाकं, एकमेकांच्या उलट दिशेने फिरणारी, वळणावर गाडी आपोआप आत झुकायची. पुढच्या वर्षी लंडनच्या प्रदर्शनात चर्चिलपण बसला. पण प्रत्येक डब्याला अशी चाकं हवीत आणि थांबली की डबा आडवा, त्यामुळे पैसा लावायला कोणी धजलं नाही. तुमच्या यार्डात नुसते रिकामे डबे उभे ठेवायचे तरी रात्रभर मशीन चालू ठेवावी लागली असती.