छंदपेटी: जुन्या डाय-कास्ट गाड्या आणि कोकणातली दमट हवा

प्रश्न: वडिलांच्या मॅचबॉक्स आणि कॉर्गी या ब्रँडच्या खेळण्यातल्या गाड्या लाकडी कपाटात डांबरगोळ्या टाकून ठेवल्यात. पावसाळ्यानंतर काहींवर पांढरी भुकटी दिसते, चाकांचे आस गंजलेत. आमसुलाने घासू का? (वाचक, वेंगुर्ले)

नको. आमसूल, चिंच, लिंबू हे पितळेच्या भांड्यांचे उपाय. या डाय-कास्ट, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेल्या, गाड्यांचा धातू मुख्यतः जस्त, त्यात साधारण ४ टक्के ॲल्युमिनियम. आम्ल जस्ताला खातं. ती भुकटी म्हणजे जस्ताचाच गंज. रंग उडालेल्या जागी आणि गाडीच्या पोटाकडे तो आधी धरतो.

कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब टाकून मऊ ब्रशने हलकेच पुसा. गाडी पाण्यात बुडवून ठेवू नका, कारण पाणी आत अडकलं की पोलादी आस आणखी गंजतात. स्टिकरला पाणी लावूच नका. कापडाने टिपून हेअर ड्रायरची थंड हवा द्या. मग आसाला शिलाई मशीनचं तेल, तेही टूथपिकच्या टोकावर मावेल एवढंच. खोबरेल कालांतराने चिकट होतं आणि चाकं अडकतात.

खरा घोळ कपाटात आहे. लाकूड, त्यातही प्लायवूड आणि एमडीएफ, आम्लाची वाफ सोडत राहतं. दमट हवेत ती जस्ताला आणखी बाधते. डांबरगोळ्यांच्या वाफेने पॉलिस्टिरीन या प्लॅस्टिकचे भाग मऊ पडतात, म्हणून त्या आजच काढा. घट्ट झाकणाचे पॉलिप्रॉपिलीनचे डबे घ्या. ५ लिटरच्या डब्याला ५० ते १०० ग्रॅम नारिंगी सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) कापडी पुरचुंडीत बांधून ठेवा, सोबत छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत असावा. जेलचा रंग पालटला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोनेक तास तापवून पुन्हा वापरा. डबे भरायचे ते जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या दुपारी. जूनमध्ये झाकण लावलंत तर पाऊसच आत कोंडलात. गाड्या आम्लमुक्त कागदात गुंडाळा, वर्तमानपत्रात नाही. मऊ टायर प्लॅस्टिकला टेकू देऊ नका, त्यातला तेलकट अंश प्लॅस्टिक विरघळवतो.

प्रश्न: दुसऱ्या महायुद्धाआधीच्या डिंकी ब्रँडच्या गाडीला जाळीसारखे तडे गेलेत, बॉडी वाकतेय. हा रोग बाकीच्या गाड्यांना लागेल का? (वाचक, गुहागर)

लागण होत नाही. हा दोष ओतकामातला: जस्तात शिशाचा अंश मिसळला की धातू आतल्या आत कणाकणांच्या सीमेवरून कुजतो, फुगतो. ऊब आणि दमटपणा यांनी वेग वाढतो, एवढाच कोकणाचा हात. इलाज नाही. रंग खरवडू नका, चिकटवण्याच्या भानगडीत पडू नका. कोरड्या डब्यात, चाकांवर भार न देता ठेवा. युद्धानंतर शुद्ध जस्त वापरात आलं, त्यामुळे लेस्नी कंपनीच्या १९५३ नंतरच्या मॅचबॉक्समध्ये हे क्वचितच दिसतं.

प्रश्न: डिंकीसारखीच गाडी, पण पोटावर 'निकी'. नक्कल आहे का? (वाचक, रत्नागिरी)

नाही. डिंकीचे जुने साचे भारतात विकले गेले आणि त्यांतून 'निकी टॉइज' निघाल्या. झिजलेल्या साच्यामुळे कडा बोथट, रंगकाम ओबडधोबड. तरीही त्या गोळा करणारे वेगळे आहेत, म्हणून रंग देऊन 'नवी' करू नका.