पहिल्या पावलालाच टाचेत कळ

प्रश्न : सकाळी पलंगावरून उतरताना टाचेत कळ येते, चार पावलं चाललं की कमी होते. काय करू?

उत्तर : तळपायाचा जाड पट्टा टाचेच्या हाडाला जिथे जोडलेला असतो, तिथलं हे दुखणं असावं. रात्रभर आखडलेला पट्टा पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. म्हणून व्यायाम उतरण्याआधीच हवा. दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, बोटं मुळाशी धरून नडगीकडे ओढा. नुसती टोकं वाकवून उपयोग नाही. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळवा चाचपला तर पट्टा ताठ दोरीसारखा लागला पाहिजे. 10 सेकंद धरा, 10 वेळा, दिवसातून तीनदा. फरशीवर अनवाणी मुळीच फिरू नका. उतार पडायला आठवडे, कधी महिने लागतात. सूज, मुंग्या किंवा झोपेतही ठणका असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.