कॉन्सर्टच्या आधी शहराच्या मध्यवर्ती भागात मेक्सिकन जेवायचे असल्यास रेस्टॉरंट कसे निवडावे?

सभागृहापासून दहा मिनिटांत चालत जाता येईल असे ठिकाण निवडावे, कारण कार्यक्रमाच्या संध्याकाळी गाडी हलवून पुन्हा पार्किंग शोधत बसलात, तर पहिली दोन गाणी हुकलीच म्हणून समजा. मात्र सभागृहाच्या अगदी दारातले रेस्टॉरंट शक्यतो टाळावे. तिथे सगळा श्रोतृवर्ग एकाच वेळी लोटतो. कार्यक्रम आठला असेल तर साडेपाचचे टेबल राखून ठेवावे आणि बसल्याबसल्याच निघण्याची वेळ वेटरला सांगावी.

खरी परीक्षा मेन्यूत असते. उभ्या सळईवर भाजलेल्या डुकराच्या मांसाचे पातळ काप मक्याच्या तोर्तियावर (पातळ पोळीवर) घालून, वर अननसाची फोड ठेवून दिला जाणारा ‘आल पास्तोर’ टाको काही मिनिटांत समोर येतो. तोर्तियात सारण गुंडाळून केलेली एंचिलादा मात्र बऱ्याच ठिकाणी सॉस आणि चीज घालून भट्टीत जाते आणि ताटकळत ठेवते. चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका दळून तोर्तिया तिथेच थापत असतील, तर थोडे जास्त चालावे लागले तरी तेच ठिकाण पसंत करावे. राजमा आणि भाताने ठासून भरलेला बुरितो (मोठ्या तोर्तियाची गुंडाळी) मात्र दोन तास खुर्चीत बसण्यापूर्वी नकोच. बिल शेवटचा पदार्थ येताच मागून घ्यावे.