येशूच्या जन्माच्या वेळी दिसलेला तारा म्हणजे धूमकेतूच होता का?

बायबलमध्ये येशूचं चरित्र सांगणाऱ्या मत्तयने धूमकेतू म्हटलेलं नाही. ही ताऱ्याची गोष्ट फक्त त्याच्याच दुसऱ्या अध्यायात आहे, दुसरा चरित्र सांगणारा लूक, त्याच्याकडे मेंढपाळ आहेत, देवदूत आहेत, तारा नाही. आणि मत्तय नुसतं 'तारा' म्हणतो, शेपटीबिपटी काही नाही.

एवढं ठासून सांगतेय कारण १९९४ ला मी सातवीत होते, आणि वसईत आमच्या इथे नाताळला येशूजन्माच्या देखाव्यांची, म्हणजे गोठ्यांची स्पर्धा असायची. बाबा सेकंड शिफ्ट करून रात्री यायचे, जेवायचे आणि ओट्यावर कामट्या घेऊन बसायचे. दोन चांदण्या बांधायच्या, पाठीला पाठ लावून पाचही टोकं सुतळीने आवळायची, मग आतल्या कोपऱ्यांत छोट्या काड्या अडकवल्या की चांदणी फुगते, वरून पांढरा पतंगाचा कागद खळीने चिकटवायचा. एक सुरकुती नव्हती हो त्या कागदावर. बाहेरून आलेले परीक्षक गोठ्यासमोर उभे राहिले, वर बघितलं आणि म्हणाले, "शेपटी राहिली वाटतं?" त्याचे मार्क कापले. बाबा काही बोलले नाहीत. पण पुढच्या वर्षी त्यांनी सोनेरी चमकीच्या कागदाची शेपटी लावली, आणि ती मला आजपण सलते.

शेपटी रूढ झाली ती चित्रांमुळे. इटलीत पादुआच्या चॅपेलमध्ये जोत्तो या चित्रकाराने गोठ्यावर जळता धूमकेतू रंगवला, बहुतेक १३०१ ला दिसलेला हॅलेचा धूमकेतू डोक्यात ठेवून. खुद्द हॅले इ.स.पू. १२ मध्ये येऊन गेला होता, येशूच्या जन्मासाठी ते फारच लवकर होतं, कारण तेव्हाचा राजा हेरोद गेला साधारण इ.स.पू. ४ मध्ये आणि जन्म त्याच्या आधी दोनेक वर्षांतला धरतात.

दुसरं म्हणजे गुरू-शनीची युती, म्हणजे ते दोन ग्रह आकाशात जवळजवळ दिसणं. केप्लर या खगोलशास्त्रज्ञाने १६०३ ची युती बघून मागे गणित केलं तर इ.स.पू. ७ मध्ये ती मीन राशीत तीनदा झालेली निघाली. ग्रहांचा अर्थ लावणाऱ्या मागी लोकांना, म्हणजे तारा बघून येशूला भेटायला आलेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांना, यात नक्कीच काहीतरी दिसलं असणार, मला हेच सगळ्यात पटतं. पण तेव्हा दोघांत जवळपास एक अंशाचं अंतर होतं, म्हणजे दोन पूर्ण चंद्र मावतील एवढं, त्यामुळे एकच तारा दिसला म्हणणारे फॉरवर्ड चूक आहेत. आणि यरुशलेमपासून बेथलेहेम आठ-नऊ किलोमीटर, तेवढ्यात मत्तय म्हणतो तसा पुढे चालून नेमक्या घरावर थांबणारा तारा कुठल्याच गणितात बसत नाही. तिथे मी श्रद्धेनेच वाचते.

हां, एक मान्य करायला हवं, ओरिगेन या ख्रिस्ती विद्वानाने तिसऱ्या शतकातच त्या ताऱ्याची तुलना धूमकेतूशी केली होती, आणि चिनी नोंदींत इ.स.पू. ५ मध्ये सत्तरेक दिवस दिसलेला झाडूसारखा तारा आहे. म्हणजे शेपटी लावणारे अगदीच चूक नाहीत. पण नाही लावली म्हणून मार्क कापायचा हक्क कुणालाच नाही.

तुम्ही यंदा चांदणी करणार असाल तर बिनशेपटीची करा. बाबा आता शहात्तरचे आहेत, कामट्या मी तासते, गाठी तेच मारतात. आणि आत झिरोचाच बल्ब लावा, मोठ्याने कागद करपतो.