स्कीइंगचा गॉगल निवडताना चेहरा आधी, काचेचा रंग नंतर

तुम्ही लिहिले आहे की स्कीइंग आणि स्नोबोर्डिंग शिकायला पहिल्यांदाच निघाला आहात, डोळ्यांना नंबरचा चष्मा आहे, नाक जरा बसके आहे, आणि दुकानात घालून पाहिलेला प्रत्येक गॉगल बराच वाटतो. तर यांतून नेमका कोणता घ्यावा आणि काच कोणत्या रंगाची असावी. तुमच्या प्रश्नात सर्वांत जास्त ओळी रंगावर खर्च झाल्या आहेत, पण रंगाचे मी शेवटी पाहणार आहे. गॉगल चेहऱ्यावर नीट बसत नसेल तर काच कितीही उत्तम असली तरी तिच्यातून काही दिसत नाही, हे मी स्वतः एक अख्खी सकाळ वाया घालवून शिकलो आहे.

माझा पहिला गॉगल मी काच पाहूनच घेतला होता. आरशासारखी चकाकणारी निळी काच होती, चौकट रुंद होती, आणि दुकानातल्या आरशात मी स्वतःला भलताच तरबेज वाटलो होतो. हेल्मेट तिकडे गेल्यावर भाड्याने मिळणार होते, त्यामुळे गॉगल हेल्मेटबरोबर घालून पाहावा हे सुचलेच नाही. पहिल्या दिवशी हेल्मेट चढवले, तर त्याची पुढची कड गॉगलच्या वरच्या कडेवर टेकली आणि गॉगल नाकावर खाली दाबला गेला. नाकपुड्या अर्ध्या मिटल्या, म्हणून श्वास तोंडाने सुरू झाला, आणि तोंडावर ओढलेल्या मफलरीतून वर आलेली ऊबदार वाफ नाकाशेजारच्या फटीतून थेट आत शिरली. दुसऱ्या उतारावर पोहोचेपर्यंत काच दुधाळ झाली होती. मी गॉगल काढला, हातमोज्याने आतून खसाखसा पुसला, आणि आतला वाफरोधक लेप जिथे जिथे खरवडला गेला तिथे तो गॉगल पुढे कायमच वाफ धरू लागला. त्या एका सकाळी मी तीन चुका केल्या, आणि काचेच्या रंगाचा त्यांतल्या एकीशीही संबंध नव्हता.

आणखी एक खुलासा करतो. आपल्याकडे उन्हाच्या काळ्या चष्म्यालाही गॉगलच म्हणतात, त्यामुळे अनेकांना वाटते की तोच घालून भागेल. बर्फावरचा गॉगल हा चष्मा नसून चेहऱ्यावर सर्व बाजूंनी टेकणारे एक झाकण आहे. वारा, उडणारा बर्फ आणि बाजूने येणारा प्रकाश हे तिन्ही त्याला अडवायचे असते. म्हणूनच त्याची पारख काचेपासून न करता फोमपासून, म्हणजे चेहऱ्याला टेकणाऱ्या मऊ कडेपासून करावी.

ती पारख अशी करावी. पट्टा डोक्यामागे न घेता गॉगल नुसता हाताने चेहऱ्यावर टेकवा आणि अगदी हलका दाब द्या. कपाळ, कानशिले, गालांची हाडे आणि नाक या सर्व ठिकाणी फोमचा स्पर्श सारखाच जाणवला पाहिजे. एका जागी टोचत असेल तर दुसऱ्या जागी हमखास फट असते. मग दिव्याकडे पाठ करून उभे राहा, नंतर दिव्याकडे तोंड करा, आणि दोन्ही वेळा नजर खाली नाकाकडे वळवा. नाकाच्या दोन्ही अंगांना प्रकाशाची बारीक रेघ दिसली तर उतारावर त्याच रेघेतून वारा आत येऊन डोळ्यांत पाणी आणेल आणि तोंडाची वाफही तिथूनच आत जाईल. नाक बसके असणाऱ्यांना ही रेघ जवळजवळ प्रत्येक साध्या गॉगलमध्ये दिसते. अशा चेहऱ्यांसाठी नाकाजवळ जाड फोम असलेले गॉगल मिळतात आणि त्यांच्यावर 'लो ब्रिज फिट' असे लिहिलेले असते. पूर्वी यालाच 'एशियन फिट' म्हणत, जणू बसके नाक ही एका खंडाचीच मिरासदारी होती. तुमच्यासाठी पहिली चाळणी हीच लावा. याउलट, नाक उंच आणि गॉगलची खाच अरुंद असेल तर श्वास कोंडतो. तेव्हा गॉगल घालून नाकाने चार दीर्घ श्वास घेऊन पाहणे दोन्ही प्रकारच्या नाकांना उपयोगी आहे.

आकाराच्या बाबतीत मोठी चौकट म्हणजे जास्त दिसणार, हे खरे आहे, आणि शेजारून वेगाने येणारा माणूस वेळेत दिसणे नवशिक्यासाठी मोलाचे आहे. पण चेहरा लहान असेल तर मोठ्या चौकटीच्या बाहेरच्या कडा कानशिलांवर टेकतच नाहीत, अधांतरी राहतात. दोन आकारांमध्ये मन अडकले, तर सर्व बाजूंनी टेकणाऱ्यांपैकी जो मोठा असेल तो घ्यावा. फोम साधारणपणे दोन किंवा तीन थरांचा असतो आणि त्वचेला लागणारा सर्वांत आतला थर मऊ लोकरीसारख्या कापडाचा असला तर तो घाम टिपतो व दिवसभर टोचत नाही. तरीही बोटांनी चाचपून घाईने निर्णय घेऊ नका. गॉगल घालून पंधरा-वीस मिनिटे सलग राहा, नंतर काढून आरशात पाहा. चेहऱ्यावर सर्वत्र सारखी फिकट खूण उमटली असेल तर ठीक, पण नाकाच्या हाडावर किंवा भुवईवर एखादा लालभडक ठिपका दिसला तर तीच जागा दुपारपर्यंत ठणकू लागेल.

आता हेल्मेट. शक्य असेल तर दोन्ही वस्तू एकत्रच निवडा, आणि हेल्मेट भाड्याने घेणार असाल तर तिथे हेल्मेट निवडताना गॉगल हाती ठेवा. हेल्मेटची पुढची कड आणि गॉगलची वरची कड एकमेकींना अलगद भिडल्या पाहिजेत. मध्ये फट राहिली तर कपाळाची एक पट्टी वाऱ्याला उघडी पडते, आणि थंडीत वेगाने जाताना तेवढ्या पट्टीने डोके भणभणते. उलट कडा एकमेकींवर चढल्या तर माझ्यासारखी गत होते. पुष्कळ गॉगलच्या वरच्या कडेला हवा बाहेर जाण्याची छिद्रे असतात आणि हेल्मेटलाही त्याच जागी हवेचे मार्ग असतात. हेल्मेटच्या कडेने ती छिद्रे झाकली जात नाहीत ना, हे पाहावे. पट्टा हेल्मेटच्या बाहेरून येईल इतका लांब असावा, आणि त्याच्या आतल्या बाजूला सिलिकॉनच्या रेघा असाव्यात म्हणजे तो गुळगुळीत हेल्मेटवरून सरकत नाही. मात्र न बसणारा गॉगल पट्टा आवळून बसवता येत नाही. आवळल्याने फोम चेपतो, आतली हवा कमी होते, आणि वाफ व डोकेदुखी दोन्ही वाढतात.

चष्म्याचा प्रश्न तुमच्यासाठी सर्वांत नाजूक आहे. चष्म्यावरून घालता येणाऱ्या गॉगलना 'ओटीजी' म्हणतात. त्यांची चौकट खोल असते आणि दोन्ही कानशिलांजवळ फोममध्ये चष्म्याच्या काड्यांसाठी खाचा असतात. गॉगलवर ही तीन अक्षरे दिसली म्हणजे तुमचा चष्मा त्यात मावेलच असे नाही. रोजचा चष्मा घेऊन जा, आधी चष्मा मग गॉगल असे घाला, आणि डोके जोरात डावीकडे-उजवीकडे व वर-खाली हलवा. चष्मा नाकावर दाबला जाऊ नये, काड्या कानशिलात रुतू नयेत, आणि चष्म्याचे भिंग गॉगलच्या आतल्या काचेला लागू नये. लागले तर दोन्हींवर ओरखडे येतात. रुंद, चौकोनी, जाड काड्यांचा चष्मा सहसा मावत नाही, आणि लहान, हलका, बारीक काड्यांचा मावतो. भिंगे काचेची नसून प्लॅस्टिकची, त्यातही शक्यतो पॉलिकार्बोनेटची असावीत, कारण नवशिक्या पडतोच आणि तोंडावरही पडतो. एवढे करूनही एक अडचण उरते: गॉगलच्या आतल्या काचेला वाफरोधक लेप असतो, पण चष्म्याला तो बहुधा नसतो, त्यामुळे गॉगल स्वच्छ आणि चष्मा मात्र धुरकट असा प्रकार होतो. चष्म्यावर लावायचा वाफरोधक द्रव सकाळी लावल्याने थोडी सुटका होते. काही गॉगलमध्ये नंबरची भिंगे बसवलेली छोटी चौकट आतून अडकवता येते, आणि कॉन्टॅक्ट लेन्सची सवय असणाऱ्यांना तोच मार्ग सर्वांत सोपा वाटतो; परंतु केवळ या सहलीसाठी आयुष्यात पहिल्यांदा कॉन्टॅक्ट लेन्स लावण्याचा बेत असेल तर निघण्यापूर्वी काही आठवडे घरी सराव करा, कारण उंचावरची हवा कोरडी असते आणि डोळे चुरचुरू लागतात.

वाफ का धरते, हे कळले की अर्धी काळजी मिटते. आतली हवा चेहऱ्याच्या उष्णतेने व घामाने दमट आणि ऊबदार असते, काच बाहेरच्या थंडीने गार पडलेली असते, आणि गार पृष्ठभागावर दमट हवेतले पाणी बारीक थेंबांनी साचते. यावरचा उपाय म्हणजे दुहेरी काच: बाहेरची आणि आतली अशा दोन काचा आणि मध्ये हवेचा बंद थर, म्हणजे आतली काच फार गार पडत नाही. अमेरिकेतले बॉब स्मिथ हे दात सरळ करणारे दंतवैद्य होते आणि ताज्या बर्फावर स्की करण्याचे शौकीन होते; त्यांनी १९६५ मध्ये अशी बंद दुहेरी काच आणि हवा खेळती ठेवणारा फोम असलेला गॉगल तयार केला, आणि आजचे गॉगल मूळ कल्पनेने त्याच्याच वंशातले आहेत. (काच हा शब्द सवयीने वापरतो आहे, बाहेरचा थर प्रत्यक्षात पॉलिकार्बोनेटचा असतो.) एकेरी काचेचा गॉगल कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. दुहेरी काचेचा असला तरी तो काढून कपाळावर किंवा ओल्या टोपीवर चढवून ठेवू नका, कारण घामेजलेल्या कपाळाची सगळी वाफ तो शोषून घेतो. थांबलात तर गॉगल डोळ्यांवरच राहू द्या. आत बर्फ गेला तर झटकून काढा आणि उरलेले पाणी मऊ कोरड्या कापडाने टिपून घ्या, पुसू नका.

अतिनील किरणांबाबत थोडक्यात सांगतो, पण हे हलके घेऊ नका. समुद्रसपाटीपासून दर १,००० मीटर चढल्यावर अतिनील किरणांची तीव्रता सुमारे १० टक्क्यांनी वाढते, आणि ताजा बर्फ अंगावर पडलेल्या या किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो; म्हणजे डोळ्यांवर मारा वरून आणि खालून असा दुहेरी होतो. माझ्याबरोबरच्या एकाने ढगाळ दिवस आहे म्हणून दुपारभर गॉगल खिशातच ठेवला होता. उतारावर त्याला काही जाणवले नाही, पण रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखे खुपू लागले, दिवा सहन होईना, आणि पुढचा पूर्ण दिवस त्याने पडदे ओढून खोलीत काढला. बर्फाने डोळे दिपतात ते असे, काही तासांनी. काच गडद आहे म्हणजे ती अतिनील किरण अडवतेच असे नसते, आणि पूर्ण पारदर्शक काचही ते अडवू शकते; म्हणून गडदपणावर न जाता 'यूव्ही ४००' किंवा १०० टक्के अतिनील संरक्षण असे स्पष्ट लिहिलेले आहे का, ते पाहावे.

आता तुमचा रंगाचा प्रश्न. रंगापेक्षा आधी काच किती प्रकाश आत सोडते ते पाहा. त्याला 'व्हीएलटी' म्हणतात आणि त्यावरून ० ते ४ अशा श्रेणी ठरतात. श्रेणी १ ची काच ४३ ते ८० टक्के प्रकाश सोडते व ती ढगाळ हवेसाठी असते, श्रेणी २ ची १८ ते ४३ टक्के, श्रेणी ३ ची ८ ते १८ टक्के व ती लख्ख उन्हासाठी, आणि श्रेणी ४ ची ३ ते ८ टक्के, म्हणजे हिमनद्यांवरच्या प्रखर उजेडासाठी. आकाश भरून आले की बर्फावरच्या सावल्या नाहीशा होतात आणि पायाखालचा खड्डा व उंचवटा एकसारखाच पांढरा दिसतो; अशा वेळी गडद काच घालून उतरणे म्हणजे डोळे बांधून जिना उतरणे. रंगाचे काम इथे येते: पिवळी, गुलाबी किंवा अंबर छटेची काच निळा प्रकाश गाळून उंचसखलपणा अधिक ठळक करते. करडी काच रंग जसेच्या तसे दाखवते, म्हणून ती उन्हात सुखद वाटते. एकच काच घेणार असाल तर श्रेणी २ ची गुलाबी किंवा अंबर घ्या. बदलता येणाऱ्या दोन काचा परवडत असतील तर श्रेणी १ आणि श्रेणी ३ अशी जोडी ठेवा, आणि हातमोजे घालून ती काच बदलता येते का, हे दुकानातच करून पाहा. वरचा आरशासारखा मुलामा प्रकाश थोडा आणखी कमी करतो, त्यापलीकडे तो शोभेचाच. पोलराइज्ड काच चकाकी मारते, पण काही वेळा निसरड्या बर्फाची चकाकीही मारते, आणि तीच तर तुम्हाला दिसायला हवी असते; म्हणून नवशिक्याला मी ती सुचवत नाही. उजेडानुसार आपोआप गडद होणारी फोटोक्रोमिक काच सोयीची आहे, मात्र कडक थंडीत ती परत फिकट व्हायला वेळ लावते, त्यामुळे उन्हातून एकदम झाडांच्या सावलीत शिरताना जपून जा.

गोलाकार काच घ्यावी की आडवी वळलेली सपाट, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. गोलाकार काचेत आतली हवा जास्त असते आणि कडेला दृश्य कमी वेडेवाकडे होते, एवढा फरक आहे. तुमच्या नाकावर सपाट काचेचा गॉगल चपखल बसत असेल तर गोलाकार काचेसाठी तो सोडू नका.

परत आल्यावर ओला गॉगल हीटरवर किंवा शेकोटीजवळ वाळवू नका, कारण उष्णतेने दोन काचांमधला जोड सुटतो आणि मग वाफ मधल्या थरात शिरते, जिथे कोणतेही कापड पोहोचत नाही. खोलीत फोम वर करून रात्रभर उघडा ठेवा, आणि पूर्ण वाळल्यावरच त्याच्या मऊ पिशवीत घाला.