अम्मा मलाच चोर म्हणते

"सगळं मी करते, आणि चोरही मीच!"

मी सोलापुरात समुपदेशन करते. हे वाक्य किती जणांच्या तोंडून ऐकलं, याची मोजदाद मी सोडून दिली आहे. कधी जुळे सोलापुरातली सून असते, कधी अक्कलकोट रोडवरचा मुलगा. कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या मराठी, तक्रार तीच. स्मृतिभ्रंश झालेली आई किंवा वडील, त्यांना न्हाऊमाखू घालणारं घरातलं एक माणूस, आणि नेमका त्याच माणसावर चोरीचा आळ. म्हणून ही रेणुकाची गोष्ट सांगते. नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही.

रेणुका पन्नाशीला टेकलेली. लग्न मोडल्यापासून माहेरीच, पूर्व भागातल्या दोन खोल्यांत. शाळेचे गणवेश घरी शिवते. अम्मा 78 वर्षांची, जन्मभर विड्या वळलेली. विसरणं सुरू होऊन तीन वर्षं झाली होती, डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला होता. थोरला भाऊ, अण्णा, पुण्याला.

"काय गेलं म्हणतात अम्मा?"

"पैसे. कधी तीनशे, कधी पाचशे. काल शेजारणीला दारात बोलावून सांगितलं, माझी पोरगी माझ्या पिशवीत हात घालते. आणि अण्णाचा फोन आला की कशी गोड! जेवलास का रे, बारीक झालास का रे."

"अण्णांना सांगितलंत?"

"सांगितलं. तो म्हणाला, 'घरखर्चाला काही घेतलं असशील, आठवून बघ.' त्या रात्री मी अम्मापुढं ताट आपटलं."

मग बराच वेळ ती रडली. उठली, चप्पल घातली, आणि दारात उभी राहून म्हणाली, "देवानं तिला न्यावं असं वाटतं मला कधी कधी." हे वाक्यही सगळे बोलतात, आणि बहुतेक जण चप्पल घातल्यावरच बोलतात. मी तिला परत बसवलं. असं वाटणाऱ्याला आई नकोशी झालेली नसते. रोजची ओढाताण थांबावी असं वाटत असतं, आणि थकलेल्या मनाला दोन्हींतला फरक करता येत नाही.

हा आळ आजाराचाच भाग आहे, एवढं आधी समजून घ्यायला हवं. डॉ. अल्झायमर यांनी 1906 साली ज्या बाईचा आजार पहिल्यांदा मांडला, तिचीही सुरुवात नवऱ्यावरच्या संशयानं झाली होती. ती वस्तू इकडून तिकडे नेऊन लपवायची, हेही त्यांनी नोंदवून ठेवलं आहे. जुनं बरंच टिकतं, नवं मनात ठरत नाही. अम्मा स्वतःच पैसे लपवते, लपवल्याचं विसरते, आणि जागेवर पैसे नाहीत हे तर डोळ्यांना दिसतंच. मग घेतले कुणी? घरात दुसरं आहे कोण? फोनवरच्या अण्णाचा हात पिशवीपर्यंत पोहोचत नाही, म्हणून तो साव. (संशय दोनचार दिवसांत एकदम वाढला, तर मात्र आधी डॉक्टर गाठा. साधा लघवीचा जंतुसंसर्गही म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ अचानक वाढवतो.)

माझा पहिला सल्ला पुस्तकी होता: वाद घालू नका, विषय बदला. रेणुकानं करून पाहिलं. "चल अम्मा, चहा घेऊ." अम्मा म्हणाली, "चहा पाजून पैसे खातेस होय!"

मी अल्बर्ट एलिस या मानसोपचारतज्ज्ञाच्या विवेकनिष्ठ पठडीत तयार झालेली; माणसाला त्रास देणारे हट्टी विचार शोधून तपासायचे, ही ती पद्धत. आमचे कान वाक्यातल्या 'च'वर असतात. रेणुका म्हणाली, "तिनं मला तरी ओळखायलाच हवं," आणि मी तो 'च' धरला. ओळखावं ही इच्छा रास्त आहे, पण ओळखायलाच हवं हा हट्ट कुणापाशी, त्या थकलेल्या मेंदूपाशी? मला माझा मुद्दा फार आवडला होता. रेणुकाला आवडला नाही. "तुम्हाला बोलायला सोपं आहे," म्हणाली आणि तीन आठवडे फिरकली नाही.

आली ती गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरला होता त्या दिवसांत. आवाज बसलेला, बोटाला सुई टोचलेली. या वेळी मी 'च'चा विषय काढला नाही. सहज विचारलं, "अम्मा पूर्वी पैसे कुठं ठेवायच्या?"

ती हसली. पहिल्यांदाच. "कुठं नाही विचारा! तांदळाच्या डब्यात. विडीची पानं भिजवून गोणपाटात गुंडाळून ठेवायची ना, त्या गोणपाटाखाली. बाबा प्यायचे. मजुरी हातात आली की दहावीस रुपये ती आधी बाजूला काढायची. मला जागा दाखवायची आणि म्हणायची, बाबांना बोलू नको. अण्णाला पण माहीत नसायचं. फक्त मला."

बोलता बोलता ती थांबली. मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्याबद्दल मी आजही स्वतःची पाठ थोपटते, कारण माझ्या जिभेवर एक चांगलं वाक्य आलं होतं.

"म्हणजे अजून तेच करतेय ती," रेणुका म्हणाली. "लपवतेय. पण आता जागा मला दाखवत नाही."

मी इतके दिवस चुकीच्या ठिकाणी शोधत होते. कष्टांची किंमत कळावी, असं तिचं मागणं आहे असं मी धरून चालले होते. खरं दुःख वेगळं होतं. चाळीस वर्षांपूर्वी त्या घरात दोघींचा एक कट होता, आणि त्यातून तिला काढून टाकलं होतं. चोर हा शब्द म्हणून एवढा लागत होता.

पुढच्या वेळी आळ आला तेव्हा रेणुकानं खुलासा दिला नाही. तेलुगूत, हळू आवाजात विचारलं, "किती होते, अम्मा?"

"तीनशे."

"थांब, दोघी मिळून बघू."

अम्मानं आधी दाराकडं पाहिलं, मग तिचा हात धरला. दोघींनी डबे उपसले. शेंगाचटणीच्या बरणीमागं, रुमालात बांधलेले दोनशे दहा रुपये सापडले. उरलेले नव्वद बहुधा कधी नव्हतेच.

हे दर वेळी जमत नाही. दहातली चार वेळा जमलं तर मी खूश असते. दहादहाच्या नोटांचं एक पाकीट अम्माच्या हाताशी ठेवायला सांगितलं. कचरा टाकण्याआधी डबा उलटा करून बघायला सांगितलं. शेजारणीला आजार आपण होऊन समजावून सांगायला सांगितलं. दागिने आणि ठेवींच्या पावत्या भावाबहिणींनी मिळून नोंद करून लॉकरमध्ये ठेवाव्यात, खर्चाचा हिशेब दर महिन्याला सगळ्यांना दाखवावा. त्यात अपमान कसला? आणि आजारी माणसाचं प्रत्येक म्हणणं भ्रमच असतो असंही धरू नका, एकदा खात्री करून घ्या. अशा घरांत खऱ्या चोऱ्याही होतात. राग ताटावरून माणसावर यायला लागला, हात उगारला गेला, तर त्याच दिवशी कुणाला तरी मदतीला बोलवा, माझ्या पुढच्या वेळेची वाट बघू नका.

अण्णाशी मी फोनवर बोलले. उपदेश केला नाही, आठ दिवस मागितले. शनिवारी रात्री हुतात्मा एक्सप्रेसनं यायचं आणि सोमवारी पहाटे त्याच गाडीनं परत, असे नव्हेत, सलग आठ. रेणुका तेवढे दिवस अक्कलकोटला मावशीकडे राहायला गेली.

तिसऱ्या दिवशी तिथं अण्णाचा फोन आला. "अगं, अम्मा म्हणते तिचे पैसे मी घेतले. शेजारच्यांना सांगितलं तिनं!"

"मग तू काय म्हणालास?"

"म्हणालो, मी कशाला घेऊ तुझे पैसे?"

"तसं नाही म्हणायचं, अण्णा," रेणुका म्हणाली. "किती होते ते विचार. आणि बरणीच्या मागं बघ."