बहीण जिवंत ठेवा

प्रिय,

तुझा मेल दोनदा वाचला. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा नाही आलं. तुझ्या सुपरहिरो कॉमिकच्या पाचव्या अंकात नायकाची बहीण मरणार, चार अंक तू त्याचीच पेरणी केलीस, आणि संपादकांचं एका ओळीचं उत्तर आलं: ती जिवंत ठेवा. खाली तुझा प्रश्न, सोडून देऊ का?

माझं आयुष्य टीव्ही मालिकांचे एपिसोड लिहिण्यात गेलं, सुपरहिरो मी फक्त वाचले. पण हे दुखणं ओळखीचं आहे. एका वाहिनीने मला रात्री साडेदहाला फोन करून सासऱ्याला मारायला सांगितलं होतं. सकाळी सातला शूटिंग. तेराव्याचा सीनही मीच लिहिला.

ख्रिस क्लेअरमाँटचं प्रकरण तुला अर्धवट माहीत असेल, पूर्ण सांगतो. हा माणूस १९७५पासून सलग सोळा वर्षं मार्व्हल कंपनीचं ‘एक्स-मेन’ हे सुपरहिरोंच्या चमूचं कॉमिक लिहीत होता. १९८०मध्ये त्याने आणि चित्रकार जॉन बर्न यांनी चमूतल्या जीन ग्रेला फिनिक्स नावाच्या अफाट शक्तीच्या नशेत एक तारा गिळायला लावला. त्याच्याभोवती फिरणाऱ्या ग्रहावरचे पाच अब्ज जीव गेले. पुढे १३७व्या अंकात जीनची शक्ती काढून घेतली जाते आणि ती घरी परतते, असा शेवट लिहून, चित्रं काढून तयार होता. मार्व्हलचे मुख्य संपादक जिम शूटर अडून बसले. एवढा संहार करून ही बाई नुसती घरी जाणार? तिला शिक्षा हवी. त्या वादातून मृत्यूचा पर्याय निघाला, शेवटची पानं नव्याने केली गेली, आणि जीन चंद्रावर स्वतःच्या हाताने मरते.

लोकांना क्लेअरमाँटचं जे पान सगळ्यात जास्त आठवतं, ते हे. मूळ शेवट १९८४मध्ये वेगळा छापला गेला. दोन्ही शेजारी ठेवून वाच. पहिला वाईट नाही, पण त्यात लेखकाने आपणच केलेला गुन्हा हलकेच सतरंजीखाली सरकवलाय. ते पाच अब्ज जीव लेखकापेक्षा संपादकाने जास्त गांभीर्याने घेतले होते. शूटर फार प्रेमळ गृहस्थ होते असं कुणी म्हणत नाही. पण त्यांनी अंक वाचला होता.

आता तोच लेखक, तीच कंपनी, पाच-सहा वर्षांनंतर. मूळच्या पाच एक्स-मेनना घेऊन ‘एक्स-फॅक्टर’ काढायचं ठरलं, त्यासाठी जीन हवी होती. मग खरी जीन जमैका बेच्या तळाशी एका कोशात सापडली. मेली ती दुसरीच कुणीतरी. (ही युक्ती कर्ट ब्युसिकची. सुचली तेव्हा तो नुसता वाचक होता.) मधल्या काळात क्लेअरमाँटने जीनचा प्रियकर स्कॉट समर्स याचं दुसरीशी लग्न लावलं होतं, त्याला मूल दिलं होतं. जीन परत आल्याचं कळताच स्कॉट बायको आणि तान्हं पोर टाकून निघाला! क्लेअरमाँटचा याला विरोध होता, पण चाललं नाही. टाकलेल्या त्या बायकोचं काय करायचं हे निस्तरण्यात पुढची काही वर्षं गेली, आणि शेवटी तिला खलनायिका करून मारावं लागलं. स्कॉटच्या अंगाला लागलेला तो डाग माझ्या मते अजून गेलेला नाही. हा हुकूम कथा वाचून आलेला नव्हता. तो कॅलेंडर बघून आला होता.

म्हणून आधी एवढंच शोधून काढ: तुझ्या संपादकांनी तुझी कथा वाचली आहे की कॅलेंडर? मेलने विचारू नकोस, फोन कर. मेलवर माणसं हुकूम देतात, फोनवर कारणं सांगतात. फोन झाला की मात्र जे ठरलं ते मेलने पक्कं कर.

कॅलेंडर निघालं म्हणून लगेच तोंड पाडू नकोस. १९९२मध्ये सुपरमॅनच्या लेखकांनी क्लार्क (म्हणजे सुपरमॅनच) आणि त्याची प्रेयसी लोईस यांच्या लग्नाची तयारी केली होती. टीव्हीवर त्या दोघांची मालिका येणार होती, म्हणून वरून आदेश आला की लग्न थांबवा. वर्षभराची आखणी पाण्यात. त्यानंतरच्या बैठकीत त्यांच्यातले जेरी ऑर्डवे नेहमीच्या गमतीने म्हणाले, मारून टाकू या त्याला. या वेळी कुणी हसण्यावारी नेलं नाही. ७५व्या अंकात सुपरमॅन मेला, दुकानांसमोर रांगा लागल्या. पुढे तो परत आला, आणि लग्न १९९६मध्ये झालं. रिकामी झालेली जागा त्यांनी रुसून तशीच ठेवली नाही, एवढंच.

पात्रांचा सातबारा आपल्या नावावर नाही, आपण खंडाने कसतो. सुपरमॅन ज्यांना सुचला त्या सीगल आणि शूस्टर यांनी १९३८मध्ये १३० डॉलरला त्याचे हक्क लिहून दिले, तेव्हापासून या धंद्याची रीतच ही. तुझ्या करारातही ते कलम असणार; सही करताना वाचलं नसशील तर आज वाच.

आणि वाचकाला तुमचं भांडण दिसत नसतं. मी लहानपणी मराठी कॉमिकमध्ये वाचलेला वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, डेंकाली नावाच्या देशात राहायचा. मूळ कॉमिकमधला देश बंगाला. नाव इथल्या संपादकांनी बदललं होतं. मला ते पन्नाशीत कळलं, आणि माझ्यासाठी वेताळ अजूनही डेंकालीचाच.

सोडायची वेळ येतेही. क्लेअरमाँटवर आली १९९१मध्ये, चित्रकार जिम ली आणि संपादक एका बाजूला, हा दुसऱ्या बाजूला. नव्या ‘एक्स-मेन’चा पहिला अंक ऐंशी लाखांवर खपला, तिसऱ्या अंकानंतर क्लेअरमाँट बाहेर. २०१३मध्ये ‘बॅटवुमन’ कॉमिकचे लेखक विल्यम्स आणि ब्लॅकमन गेले, कारण ऐन वेळी ठरलेल्या गोष्टी बदलत राहिल्या, आणि नायिकेचं लग्न तर दाखवूच दिलं नाही. त्यांचं जाणं मला पटतं. एका सूचनेवर ते गेले नव्हते. तुझी ही पहिलीच आहे.

तुझे चारही अंक मी वाचलेत, म्हणून एक खटकलेलं सांगतो. बहीण मरते ती फक्त भावाला राग यावा म्हणून. तिसऱ्या अंकात तिने मुखवटा धुऊन दोरीवर वाळत घातला, तेव्हा तिला सगळं कळलेलं असतं, पण त्याचं पुढे तू काहीच केलं नाहीस.

ती जगली तर भावाला पहिलं वाक्य काय बोलेल, तेवढा एक सीन शुक्रवारपर्यंत लिहून पाठव. राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्ये राहू दे. तारीख टाकू नकोस.

तुझा,
काका